वाघ आत्ताच गेला

उत्तराखंडातल्या रामनगर गावात वाघ राहत नाही, पण गाव वाघावर राहतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यापासून तो दिसायला लागतो. हॉटेलच्या पाटीवर, चहावाल्याच्या टीशर्टवर, जिप्सीच्या स्टेपनीवर, सलूनच्या काचेवर, सगळीकडे तोच. ज्यांना दुकानासाठी ‘टायगर’ हे नाव मिळालं नाही त्यांनी पंजा घेतला, ज्यांना पंजाही मिळाला नाही त्यांनी डरकाळी घेतली. रामनगरची लिचीही चांगली प्रसिद्ध आहे. पण लिची बिचारी एकाही टीशर्टवर नाही, आणि ती बागेत गेलं की हमखास दिसते, हाच बहुधा तिचा दोष असावा.

रामनगर म्हणजे कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाचं दार. प्रकल्पाचं क्षेत्रफळ १,२८८ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या दुपटीहून जास्त. २०२२ च्या गणनेत तिथे २६० वाघ निघाले, देशातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा अधिक. हा २६० चा आकडा ऐकला की पर्यटकाच्या डोळ्यांत चमक येते. दोन मुंबया एवढ्या जागेत, दाट सालवृक्षांत आणि डोक्याएवढ्या गवतात, कुणाला भेटायची इच्छा नसलेले २६० जण विखुरलेले आहेत, हे गणित तो मांडत नाही. तो एवढंच म्हणतो, “२६० आहेत हो! एक तरी दिसेलच की.”

पहिला प्रश्न झोनचा. ढिकाला, बिजरानी, झिरना, ढेला, दुर्गादेवी, गर्जिया अशी पर्यटनाची निरनिराळी दारं आहेत. परवाना आधीच काढावा लागतो, त्यावर झोन, तारीख, वेळ आणि प्रत्येकाचं नाव असतं आणि त्यात ऐनवेळी बदल होत नाही. हे सगळं पार पाडून माणूस रामनगरला उतरला की मग सल्ले सुरू होतात. तुमचा परवाना बिजरानीचा असेल तर हॉटेलचा मॅनेजर हळहळतो, “ढेला लेना था सर. कल चार बार दिखा.” ढेलाचा असेल तर ड्रायव्हर म्हणतो, “मूवमेंट तो आजकल बिजरानी में है.” दोन्ही असतील तर चहावाला ढिकालाचं नाव काढतो. वाघ नेहमी तुमच्याकडे परवाना नसलेल्या झोनमध्ये, तुम्ही नव्हतात त्या दिवशी आणि तुम्ही ज्यांना ओळखत नाही अशा लोकांना दिसलेला असतो. तोही साधासुधा नाही; त्याने रस्त्याच्या मधोमध बसून जांभई दिलेली असते.

हिवाळ्यातली पहाटेची सफारी हा मराठी माणसाच्या सहनशक्तीचा कस पाहणारा प्रकार आहे. थंडी म्हणजे महाबळेश्वरात शाल घेऊन मक्याचं कणीस खाणं, एवढीच आपली तयारी. इथे तराईतल्या धुक्यातून उघड्या जिप्सीत बसून जायचं असतं. जंगलात रंगीबेरंगी कपडे घालू नयेत, हे वाचून प्रत्येकाने घरून निघतानाच खाकी, हिरवट असं महागडं जाकीट घेतलेलं असतं. पहाटे गाडी सुटली की दोन मिनिटांत त्या जाकिटावर स्वेटर, स्वेटरवर शाल, डोक्याला माकडटोपी आणि सगळ्यावर हॉटेलचं लालभडक, गुलाबाची फुलं काढलेलं ब्लँकेट येतं. आत नेमकं कोण आहे हे घरच्या माणसालाही आवाजावरूनच ओळखावं लागतं. ढिकालाकडे जाताना कोसी नदीतल्या मोठ्या खडकावर गर्जिया देवीचं मंदिर लागतं. ड्रायव्हर तिथे हात जोडून पुटपुटतो, “माँ, आज दर्शन करा दे.” दर्शन कुणाचं, हे देवीला सांगावं लागत नाही.

गेटवर नेचर गाइड गाडीत चढतो. गाइडचं सगळं शास्त्र एका कल्पनेवर उभं आहे: वाघ आत्ताच गेला. तो कधी उद्या येणार नसतो, कधी मागच्या आठवड्यात गेलेला नसतो. तो आत्ताच गेलेला असतो. गाडी थांबते, गाइड वाकून धुळीत बघतो आणि म्हणतो, “फ्रेश है. आधा घंटा.” सगळे ब्लँकेटं सावरत एका बाजूला झुकतात. गाइड समजावतो की पंजा चौकोनी उमटला तर नर, लांबट उमटला तर मादी. हा नर आहे. मोठा आहे. आणि तो ज्या दिशेला गेला आहे, त्या दिशेला आपल्या गाडीला जायची परवानगी नाही. पावलाचे फोटो काढले जातात. घरी गेल्यावर ते दाखवताना, हे पाऊल अर्ध्या तासापूर्वीचं आहे, हे पुढची दहा वर्षं सांगितलं जातं.

पावलानंतर कानांचं काम सुरू होतं, कारण कॉर्बेटच्या जंगलात वाघ डोळ्यांनी शोधत नाहीत. चितळ शीळ घातल्यासारखं ओरडलं, वानर खाकरलं, भेकर भुंकलं, की त्याला ‘कॉल’ म्हणायचं. या बातमीदारांतही प्रतवारी आहे. चितळ घाबरट, त्याच्या ओरडण्यावर कुणी गाडी फिरवत नाही. वानर झाडावर बसलेलं असल्यामुळे त्याला लांबचं दिसतं, म्हणून त्याच्या शब्दाला जरा वजन. आणि सांबर ओरडलं की गाइडचा चेहराच बदलतो. “सांबर झूठ नहीं बोलता,” तो म्हणतो. आपल्याकडे हा विश्वास आता कुठल्याच बातमीदाराच्या वाट्याला येत नाही.

मग इंजिन बंद करून वाट बघायची. सहा मराठी माणसं एका उघड्या गाडीत वीस मिनिटं एक शब्द न बोलता बसली आहेत, हे दृश्य वाघापेक्षाही दुर्मीळ आहे आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. पहिली पाच मिनिटं सगळे श्वास रोखून झाडीकडे बघतात. दहाव्या मिनिटाला कुणाचं तरी पोट बोलतं. बाराव्या मिनिटाला मागच्या बाकावरून चिवड्याच्या पिशवीची कुरकुर ऐकू येते आणि गाइड न वळता नुसती मान हलवतो. पंधराव्या मिनिटाला, त्या शेकडो वर्षांच्या शांततेत, एक काका बायकोच्या कानाशी लागून विचारतात, “अगं, मागच्या दाराची कडी लावली होती ना?” कडीचा प्रश्न रेल्वेच्या चोवीस तासांत पडत नाही. तो पडायला जंगलच लागतं.

अशात समोरून एक जिप्सी येते. तिचा ड्रायव्हर न थांबता हाताने काहीतरी खूण करतो आणि आपला ड्रायव्हर एका क्षणात सगळी साधना मोडून गाडी सोडतो. पुढच्या वळणावर झोनमधल्या सगळ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असतात. सगळे उभे, सगळे एकाच दिशेला बघणारे, सगळे कुजबुजत एकमेकांना विचारणारे, “कहाँ?” उत्तरही नेहमीचंच: “वो सूखे पेड़ के बायें, झाडी के पीछे.” समोर किमान चाळीस सुकी झाडं आणि चारशे झुडपं असतात. पुढच्या गाडीतल्या मुलीला कान दिसतो. तिच्या बाबांना शेपटी दिसते. तिसऱ्या गाडीतल्या बाईंना सबंध पाठ दिसते. ती पाठ म्हणजे वाळवीचं वारूळ आहे, हे त्यांच्या गाइडला माहीत असतं, पण बक्षिशी अजून व्हायची असल्यामुळे तो गप्प राहतो. हळूहळू “दिसला, दिसला” म्हणणारे वाढत जातात. ज्यांना काहीच दिसलेलं नाही तेही मान डोलावू लागतात, कारण सगळ्यांना दिसलेला वाघ आपल्याला एकट्यालाच न दिसणं जरा अपमानाचं असतं. रात्री मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणताणून मोठा केला जातो. पडद्यावर हिरव्यात एक पिवळसर डाग. “हा बघ, हा कान. इथून पाठ सुरू होते.” बघणारा सुसंस्कृत असेल तर त्याला पाठ दिसते.

या सगळ्या धावपळीत बाकीच्या जंगलाची फार बेअब्रू होते. पहिलं चितळ दिसतं तेव्हा सगळे उठून उभे राहतात, कॅमेरे निघतात, “किती गोड डोळे!” वगैरे होतं. दहाव्या चितळाला कुणी मान वर करून बघत नाही. विसाव्याच्या वेळी तर “हरीणच आहे” असं किंचित रागाने म्हटलं जातं, जणू वाघाची जागा अडवून ते मुद्दाम उभं आहे. वास्तविक वाघाच्या पोटापाण्याची व्यवस्था तेच बघतं. रामगंगेच्या वाळूवर घडियाल ऊन खात पडलेली असतात. मासे पकडण्यासाठीच घडवलेल्या त्या लांब निमुळत्या जबड्याचा हा प्राणी जगात आता मोजक्याच नद्यांत उरला आहे. गाडीतला अभिप्राय: “हलत का नाही?” मोठा धनेश डोक्यावरून जातो, त्याच्या पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो, पण माना धुळीतल्या पावलांवर खिळलेल्या असतात. हत्तींचं तर विचारूच नका. कॉर्बेटमध्ये हत्ती उदंड आहेत. सगळा कळप पिल्लांसह रस्ता ओलांडतो, म्हातारी हत्तीण कान पसरून गाडीकडे बघते, ड्रायव्हर निमूटपणे गाडी मागे घेतो, मुलं श्वास घ्यायला विसरतात. आणि हॉटेलवर कुणी विचारलं, काय दिसलं, तर तोंड पाडून उत्तर येतं, “काही नाही. हत्तीच.”

आमच्या कँटरमध्ये नागपूरचे एक काका होते. ढिकालाला दिवसापुरतं जाणाऱ्यांना वनखात्याच्या कँटरनेच जावं लागतं. जिप्सी आत मुक्कामाला असणाऱ्यांसाठी. काकांचं जंगलाचं शिक्षण ताडोब्यात झालेलं. “आमच्या ताडोब्यात वाघ रस्त्यावर येऊन बसतो,” हे त्यांनी धनगढीच्या गेटवर सांगितलं. पुढच्या नदीपाशी त्या वाघाला दोन बछडे झाले. ढिकालाच्या मचाणावर पोचेपर्यंत तो वाघ काकांच्या गाडीला अंग घासून गेला होता. गाइड शांतपणे ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, “वहाँ का टाइगर मिलनसार है सर. यहाँ का थोड़ा पहाड़ी है.” काका गप्प झाले. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. इथलं गवत आणि साल इतकं दाट आहे की चार हातांवर पहुडलेला वाघही दिसू नये.

ढिकालाच्या आवारात मुक्काम करता येतो, त्यासाठी लोक महिनोन्‌महिने आधी खटपट करतात. समोर विस्तीर्ण गवताळ माळ, पलीकडे रामगंगेचं पाणी, मागे डोंगर. आवाराभोवती विजेच्या तारांचं कुंपण. आणि आत दोन नियम कडक: मद्य नाही, मांसाहार नाही. जंगलात रात्र म्हणजे शेकोटी, ग्लास आणि तंगडी असं चित्र डोळ्यांपुढे ठेवून आलेली मित्रमंडळी हा नियम ऐकून जी हादरतात, तेवढी ती वाघ समोर आला तरी हादरणार नाहीत. रात्री राजमा, भात, पोळी. त्या परिसरात शाकाहाराचं व्रत कसोशीने पाळणारे दोनच गट आहेत: हत्ती आणि पाहुणे.

तिकडे जंगलाबाहेर, कोसीकाठच्या ढिकुलीच्या पट्ट्यात, वेगळीच रात्र सुरू होते. तिथल्या रिसॉर्टांत हल्ली दिल्लीकडची लग्नं लागतात. सकाळी वानराच्या खाकरण्यासाठी कान टवकारून बसलेली माणसं रात्री डीजेच्या भिंतीसमोर नाचतात. त्या आवाजात सांबर ओरडलं तरी ते कुणाला ऐकू जाणार? पण या मंडळींची वाघाबद्दलची तक्रार मात्र तीच असते: हल्ली तो बाहेरच येत नाही.

ज्या माणसाचं नाव या जंगलाला आहे, त्याला हा सगळा प्रकार बघून मोठी गंमत वाटली असती. तसं नाव मिळायलाही त्याला वाट बघावी लागली. १९३६ साली हे भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा संयुक्त प्रांताचे आधीचे गव्हर्नर माल्कम हेली यांचं नाव त्याला मिळालं, म्हणून ते हेली नॅशनल पार्क. स्वातंत्र्यानंतर साहेबाचं नाव जाऊन नदीचं आलं, रामगंगा. १९५५ साली जिम कॉर्बेट केनियात वारले आणि त्यानंतर दोनेक वर्षांत उद्यानाला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे साहेबाला हटवून नदी आणली आणि नदीला हटवून पुन्हा साहेबच आणला. फरक इतकाच की हा साहेब नैनितालात जन्मलेला होता आणि कुमाऊंतली गावं त्याला आपला मानत होती.

कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. अशा वाघांच्या मागे ते दिवसचे दिवस पायी हिंडत, रात्रीच्या रात्री झाडावर बसून काढत. भेकर कुठे भुंकलं, वानर कुठे थांबलं, पान कुठे मोडलं, यावरून वाघ कुठे असेल हे ते ठरवत. नंतर त्यांनी बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. एवढ्या जाणत्या माणसालाही वाघ हवा तेव्हा भेटत नसे. आपल्याला तो साडेतीन तासांत, नाश्त्याच्या आधी आणि शक्यतो डाव्या बाजूला हवा असतो, कारण आपण डावीकडे बसलेले असतो. कालाढुंगीला त्यांचं हिवाळ्यातलं घर होतं, तिथे आता संग्रहालय आहे. लोक फोटो बघतात, लाकडी सामान बघतात आणि बाहेर पडताना तिथल्या माणसाला विचारतात, “इधर टाइगर आता है क्या?”

खुद्द वाघाचं काय चालतं तेही बघा. अभ्यासक सांगतात की वाघाच्या शिकारीचे बहुतेक प्रयत्न वाया जातात. दहा-वीस वेळा दबा धरावा तेव्हा एकदा पोट भरतं. म्हणजे ज्याचा जन्म जंगलात गेला, ज्याच्या अंगावर निसर्गाने पट्ट्यांचं जाकीट चढवलं आणि त्यावर हॉटेलचं ब्लँकेट घ्यायची वेळ आणली नाही, तोही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. पण परतल्यावर तो गाइडला दोष देत नाही.

यातून माझं एक मत तयार झालं आहे. जंगल बघायचं असेल तर वाघ न दिसणंच बरं. एका सफारीत गेटमधून शिरताच दहा मिनिटांत, रस्त्यावर, अगदी सकाळच्या उन्हात एका कुटुंबाला वाघ दिसला. सगळ्यांनी फोटो काढले, घरी पाठवले आणि लगेच गाइडला विचारलं, “अब वापस चलें? नाश्ता दस बजे तक ही है.” त्यांचं जंगल तिथे संपलं. उरलेले तीन तास ते नियमामुळे गाडीत बसून होते आणि त्यातला बराच वेळ झोपले होते. ज्यांना वाघ दिसला नव्हता ते मात्र प्रत्येक झुडपात डोळे घालत होते, प्रत्येक आवाजाला कान देत होते. सांबर आणि भेकराच्या आवाजातला फरक त्यांनाच कळला. कोवळं गवत हत्ती कसं उपटतो, पायावर आपटून माती कशी झाडतो, हे त्यांनीच पाहिलं. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून जे कळत नव्हतं ते त्यांना वाघाच्या गैरहजेरीने शिकवलं.

वाघाच्या निमित्ताने जंगल पदरात पाडून घ्यायची ही युक्ती सरकारनेही केली. १ एप्रिल १९७३ या दिवशी ढिकालाहून व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली. तारीख जरा संशयास्पद होती, पण योजना गंभीर निघाली. पहिल्या नऊ जंगलांत कॉर्बेट होतं, तसा आपला मेळघाटही होता. नाव वाघाचं, पण त्या नावाखाली साल वाचला, गवत वाचलं, रामगंगेचं पाणी वाचलं आणि त्या पाण्यातली घडियाल नि महसीर मासेही वाचले. कोळ्यासाठी, वाळवीसाठी किंवा गवतासाठी कुठलंच सरकार बाराशे चौरस किलोमीटर जागा राखून ठेवणार नाही. वाघासाठी ठेवतं, मग बाकीचे सगळे त्याच्या नावावर राहून घेतात. २०२२ च्या गणनेप्रमाणे देशात ३,६८२ वाघ आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कधीच बघणार नाही आणि त्यांचं काम त्यामुळे अजिबात अडत नाही.

तेव्हा जरूर जा. बिजरानी आणि ढिकाला पावसाळ्यात बंद असतात, ढिकालाचं दार नोव्हेंबरच्या मध्यावर उघडतं, हे लक्षात ठेवून परवाना आधी काढा. कुजबुजायची सवय घरूनच करून या. परतताना कुमाऊंची बालमिठाई घ्या, ती खात्रीने मिळते. लाल ब्लँकेटाची लाज बाळगू नका, वाघाला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. आणि परवान्यावर जे नाव आहे त्याचं मूळ ओळखपत्र खिशात ठेवा. वाघ भेटेल की नाही ते कुणीच सांगू शकत नाही, पण गेटवरचा वनरक्षक नक्की भेटतो, आणि तो कधीच आत्ता गेलेला नसतो.